चार बाजू सांगितल्या, कोन राहिला

संस्कृतातले जुने गणिती या आकृतीला बहुधा चतुर्भुज म्हणत. चतुर्भुज म्हणजे चार हातांचा. मराठी माणसाच्या तोंडी मात्र बसला तो चौकोन. त्याने हात मोजले नाहीत, कोपरे मोजले. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालो तेही भाषेचे विषय घेऊन. त्यामुळे आकड्यापेक्षा शब्दाकडे माझे लक्ष आधी जाते. बाजूंवरून नाव ठेवायचे की कोनांवरून, हा प्रश्न दिसायला शब्दांचा आहे. पण त्याच्यामागे हजार-दीड हजार वर्षांचा एक वाद आहे आणि त्या वादाचा निकाल थेट आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचतो. आज त्या वादाची हकीकत सांगायची आहे.

आधी शाळेत शिकलेले थोडे आठवू. कागदाचा कसाही वेडावाकडा चौकोन कापा. त्याचे चारही कोपरे फाडा आणि त्यांची टोके एका ठिकाणी जुळवा. पूर्ण फेरा भरतो. फट राहत नाही आणि कागदावर कागद चढतही नाही. पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश. कारण सोपे आहे. समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी रेघ, म्हणजे कर्ण, ओढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. म्हणून चौकोनाचे तीन कोन कळले की चौथा लपून राहू शकत नाही.

चौकोनांच्या घराण्यात नातीही ठरलेली आहेत. चौरस आणि आयत यांचे चारही कोन काटकोन. समांतरभुज चौकोनात समोरासमोरचे कोन सारखे आणि शेजारच्या दोघांची बेरीज १८०. एक जितका आवळतो तितका दुसरा फाकतो. समभुज चौकोनात हे तर आहेच, शिवाय त्याचे दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. आणि एका चौकोनाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी फार गोड नाव दिले आहे, ते म्हणजे पतंग. वरच्या दोन बाजू एकमेकींएवढ्या, खालच्या दोन एकमेकींएवढ्या. आखूड आणि लांब बाजू जिथे भेटतात ते डावीकडचे आणि उजवीकडचे कोन सारखे. वरून खाली जाणारा कर्ण वरचा आणि खालचा कोन बरोबर निम्मा करतो आणि आडव्या कर्णाला मधोमध काटकोनात कापतो.

संक्रांतीच्या सुमारास पतंग करणाऱ्या पोरांना हे न शिकवता ठाऊक असते. उभी कामटी ताठ, आडवी कामटी कमानीसारखी वाकवलेली. आडवी कामटी जरा तिरकी बसली, की डावा-उजवा कोन सारखा राहत नाही, एका अंगाला कागद जास्त येतो आणि पतंग वर गेल्यावर गोते खातो. मग शेपूट लावून त्याची समजूत काढावी लागते. पतंगाला जुन्या मराठीत वावडी म्हणत. वावडी आकाशातून उतरली, पण 'वावड्या उठवणे' भाषेत राहिले. चौकोनाबद्दलही अशीच एक वावडी शतकानुशतके उडत होती. ती म्हणजे चार बाजूंची लांबी सांगितली की चौकोन कळला, त्याचे क्षेत्रफळ काढता येते.

ही वावडी खाली आणायला घरातली बाज पुरेशी आहे. बाजेचे खूर सैल झाले, की ती एका अंगाला कलते. चारही लाकडे तेवढीच, एकही इंच कमी-जास्त नाही; पण चौकटीचा आकार बदलतो आणि आतली जागा कमी होते. अजून कलली तर आणखी कमी. पार आडवी झाली तर जागा उरणारच नाही. तीन लाकडांचा त्रिकोण असा हलत नाही. म्हणून पत्र्याच्या छपराच्या कैच्या त्रिकोणी करतात. चार लाकडांना मात्र कोनाचा धाक लागतो. हे गवंड्याला नीट माहीत असते. पाया आखताना तो चार बाजूंना दोरी लावून थांबत नाही. कोपऱ्याला गुण्या लावतो, नाहीतर तीन-चार-पाचचा हिशेब करून काटकोन पाडतो आणि शेवटी दोन्ही कर्ण दोरीने मोजून बघतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले, तर खोली काटकोनात आहे.

गवंड्याचे हे शहाणपण ग्रंथात सर्वांत ठणकावून सांगितले ते भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. आपण सह्याद्रीच्या परिसरातले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पुरा केला. लीलावती हा त्यातला अंकगणित आणि क्षेत्रमापनाचा भाग. प्रा. ना. ह. फडके यांनी १९७१ साली 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत आणले, त्यामुळे संस्कृत न शिकलेल्यांनाही हे दार उघडले. तिथे चौकोनाच्या प्रकरणात भास्कराचार्य एकदम रागावतात. एखादा लंब किंवा एखादा कर्ण न सांगता जो चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच आहे, आणि जो त्याला उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, अशा अर्थाचे ते बोलतात. गणिताच्या पुस्तकात शिवी! पण शिवीमागचे कारण ते लगेच देतात. चार बाजूंच्या आकृतीची स्थिती निश्चित नसते, ती हलते, हे त्या दोघांनाही ठाऊक नसते.

मग ते उदाहरण घालतात. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. त्याचे कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. त्याच बाजू ठेवून कर्ण १४ आणि ४८ केले तर क्षेत्रफळ ३३६. आणि कर्ण समान असतील, म्हणजे तो चौरस असेल, तर ६२५. बाजू त्याच आणि उत्तरे तीन. लीलावतीत हा हिशेब कर्णांच्या भाषेत आहे, आजच्या शाळेत आपण तोच कोनांच्या भाषेत करतो. समभुज चौकोनाचा कर्ण ठरला की कोन ठरला आणि कोन ठरला की कर्ण ठरला. दोन्ही एकाच गोष्टीची नावे समजा.

भास्कराचार्यांच्या विद्येचा एक दगडी पुरावा आपल्याकडे आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या देवळात, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सरदारांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण शेवटी मठाला काय काय द्यायचे याचा तपशील येतो तो मराठीत. विद्या संस्कृतात आणि देणेघेणे मराठीत! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

आता भास्कराचार्य ज्यांच्यावर रागावले ते कोण, ते पाहू. चौकोनी जमिनीचे क्षेत्रफळ काढायची एक अतिप्राचीन, सुटसुटीत रीत होती. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. इजिप्तमध्ये एडफू येथील होरस देवाच्या देवळात भिंतीवर कोरलेल्या जमिनींच्या नोंदी याच रितीने मोजलेल्या आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ही रीत दिली, पण तिला स्थूल म्हटले आणि शेजारीच सूक्ष्म रीत दिली. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितीने गणितसारसंग्रह लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आमच्या उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकातले मळखेड. महावीराचार्यांनीही क्षेत्रमापनाचे दोन भाग पाडले. व्यवहारापुरते आणि सूक्ष्म.

या रितींनी शेतकऱ्याला काय फरक पडतो, ते एका शेतावर करून बघू. शेताचा आकार पतंगाचा आहे असे धरा. वरच्या दोन बाजू १३-१३ साखळ्या आणि खालच्या दोन २०-२० साखळ्या. आपल्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. लांबी-रुंदी एकेक साखळी असली की एक गुंठा होतो आणि ४० गुंठ्यांचा एकर. या शेताचा आडवा कर्ण २४ साखळ्या भरला. उभा कर्ण मोजला तर २१. दोन्ही कर्ण काटकोनात आहेत, तेव्हा त्यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे क्षेत्रफळ २५२ गुंठे, म्हणजे ६ एकर १२ गुंठे. हे खरे उत्तर.

आता स्थूल रीत लावा. पतंगात आखूड बाजूच्या समोर लांब बाजू येते. सरासरी साडेसोळा. दुसऱ्या जोडीचीही साडेसोळा. गुणाकार २७२ गुंठे ४ आणे. खऱ्यापेक्षा वीस गुंठ्यांहून जास्त, म्हणजे सरळ अर्धा एकर जमीन कागदावर उगवली! ब्रह्मगुप्ताची सूक्ष्म रीत लावली तर २६० गुंठे येतात. तेही आठ गुंठ्यांनी जास्तच. ब्रह्मगुप्ताचे सूत्र अप्रतिम आहे, पण ते अचूक ठरते ते चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसणाऱ्या चौकोनाला. अशा चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन मिळून बरोबर १८० अंश होतात. ही अट ब्रह्मगुप्ताने शब्दांत मांडली नाही. आपल्या शेताचे डावे-उजवे कोन प्रत्येकी सुमारे पावणेशहात्तर अंशांचे, दोन्ही मिळून साडेएकशे एक्कावन्न. म्हणजे शेत वर्तुळात बसत नाही. ते दोन्ही कोन काटकोन असते तर मात्र २६० हे उत्तर बिनचूक ठरले असते. म्हणूनच हे सूत्र चौकोनाला बिनचूक लागू पडत नाही, त्रिकोणाला पडते, असा शेरा भास्कराचार्यांनी मारला.

तीन उत्तरांतली गोम लक्षात घ्या. स्थूल रीत कधी जास्त, कधी कमी असे चुकत नाही. ती नेहमी जास्तच सांगते. दोन ठराविक बाजूंमध्ये बसणारा त्रिकोण सर्वांत मोठा तेव्हा होतो, जेव्हा त्यांच्यामधला कोन काटकोन असतो. कोन आवळा किंवा फाकवा, क्षेत्र घटतेच. आणि सरासरीची रीत तर चारही कोपरे काटकोन धरूनच चालते. म्हणजे शेतसारा क्षेत्रावर ठरत असेल, तर ही चूक दरवेळी वसूल करणाऱ्याच्या बाजूने पडणार. जमीन विकली जात असेल तर विकणाऱ्याच्या बाजूने. भावाभावांत वाटणी होत असेल, तर ज्याच्या वाट्याला सरळ कोपऱ्यांचा तुकडा आला त्याच्या बाजूने. गरीब बाजू ही बहुधा कोन न मोजलेली बाजू असते.

भास्कराचार्यांच्या लहानपणी इराणात निशापूरचा उमर खय्याम हयात होता. तो १०४८ मध्ये जन्मला आणि ११३१ मध्ये वारला. आपल्याला तो रुबायांचा कवी म्हणून माहीत आहे. माधव जूलियनांनी त्याला मराठीत आणले. पण तो चौकोनाच्या कोनांतही गुंतलेला माणूस होता. १०७७ साली युक्लिडवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने एक चौकोन मांडला. खालचे दोन कोन काटकोन आणि दोन उभ्या बाजू समान. मग वरचे दोन कोन केवढे? दोन्ही एकमेकांएवढे आहेत हे सिद्ध होते. पण ते काटकोनच असतील कशावरून? लघुकोन किंवा विशालकोन का नसावेत? खय्यामने ते काटकोनच असे ठरवले. साडेसहाशे वर्षांनी, १७३३ मध्ये, साकेरी नावाच्या इटालियन पाद्र्याने तोच चौकोन पुन्हा हातात घेतला आणि एकोणिसाव्या शतकात त्या प्रश्नातून युक्लिडवेगळी भूमिती जन्माला आली. कवीने विचारलेला एक कोनाचा प्रश्न केवढा लांब गेला!

भास्कराचार्यांनाही एक कवी भेटला, चारशे वर्षांनंतर. अकबराच्या दरबारातला राजकवी, अबुल फज्लचा थोरला भाऊ फैजी. बादशहाच्या हुकमावरून त्याने १५८७ साली लीलावती फारसीत नेली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, पाण्याचे घटिकापात्र, त्यात पडलेला मोती आणि टळलेली घटका ही लीलावतीची हृद्य कथा आपण लहानपणी ऐकतो. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही, फैजीच्या प्रस्तावनेत आहे. संस्कृत ग्रंथाला जगभर जी करुण कहाणी चिकटली, ती एका फारसी कवीने सांगितलेली. पुढे १५९१ मध्ये हाच फैजी अकबराचा वकील होऊन दक्षिणेत आला, खानदेशात आणि अहमदनगरच्या निजामशाहीत. ज्या मुलखाच्या कडेला पाटणचा मठ होता त्या मुलखात तो भाषांतरानंतर चार वर्षांनी आला. मला स्वतःला या योगाचे अप्रूप वाटते. मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान कवीला या ओळीत आपलेही आजोबा कुठेतरी उभे आहेत असे वाटले, तर ते समजून घ्यावे.

मराठवाड्यात ही सरमिसळ रोजच्या बोलण्यात आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य आणि शाळेत उर्दूचा अंमल. १९१८ साली निघालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचेच होते. त्यासाठी गणिताची पुस्तके उर्दूत करायला खास भाषांतर खाते काढले होते. माझ्या वडिलांच्या पिढीने त्रिकोण शिकला तो मुसल्लस म्हणून, कोन शिकला तो ज़ाविया म्हणून आणि चौरस शिकला तो मुरब्बा म्हणून. आवळ्याच्या मुरब्ब्याचा आणि या मुरब्ब्याचा काही संबंध नाही, एवढे मात्र त्या पोरांना वेगळे सांगावे लागे. ज़ाविया म्हणजे कोपरा; फकिराच्या मठीलाही अरबीत हाच शब्द आहे. आजही आपण हद्द, नकाशा, जमीन हे शब्द फारसी-अरबीतून आलेले वापरतो आणि शिव, बांध, मोजणी हे आपले. एकाच सात-बाराच्या भांडणात दोन्हीकडचे शब्द गुण्यागोविंदाने नांदतात. भांडतात ती माणसे.

दक्षिणेतली जुनी मोजणी काठीची. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या जमाबंदीत काठी पाच हात पाच मुठींची होती, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, असा हिशेब सभासदाच्या बखरीत आहे. काठी लांबी चोख सांगते. कोन मात्र मोजणाऱ्याच्या नजरेत असतो. इंग्रजी अमलात प्रिंगल याने १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी केली. ती सदोष ठरून सोडून द्यावी लागली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. तिचाच नमुना पुढे निजामाच्या मुलखात, म्हणजे आमच्याकडेही आला.

या मोजणीची दोन हत्यारे होती, साखळी आणि शंकू. शंकू म्हणजे काठीच्या डोक्यावर बसवलेला लाकडी ठोकळा आणि त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन चिरा. त्यातून बघायचे आणि काटकोन धरायचा, बस्स. तो जगातले सगळे कोन मोजत नाही, एकच कोन जाणतो, नव्वद अंशांचा. पण तेवढ्याने काम होते. मोजणीदार शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साखळी ओढतो. मग त्या रेघेवर शंकू उभा करून उरलेल्या कोपऱ्यांपर्यंत काटकोनात अंतरे घेतो. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात, त्यांची क्षेत्रफळे गुणाकार बुकात मांडून बेरीज होते. आता भास्कराचार्यांची मागणी आठवा. एखादा कर्ण सांगा, किंवा एखादा लंब सांगा. साखळीने कर्ण दिला, शंकूने लंब दिला. लीलावतीतला तो रागीट श्लोक सातशे वर्षांनी लाकडाच्या ठोकळ्यातून शेतात उभा राहिला, असे मी म्हणतो. ज्यांनी तो ठोकळा इथे आणला त्यांच्या मनात भास्कराचार्य असतील-नसतील. भूमितीला त्याने फरक पडत नाही.

आमचे येरमाळा बालाघाटाच्या डोंगरात. धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. चैत्री पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेत लाखो माणसे रानातून चुन्याचे खडे वेचतात, ते गाव. अशा चढ-उताराच्या, ओढ्यानाल्यांच्या शिवारात काटकोनी शेत शोधून सापडायचे नाही. आमच्याच घरची वाटणी सांगतो. आजोबांनी दोघा मुलांना ओढ्याकडेची जमीन वाटून दिली, तीही दोराने. दोन्ही तुकड्यांच्या चारही बाजू आठ-आठ साखळ्या. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, पाच पंचांच्या साक्षीने. आब्बांचा तुकडा चौरस होता. चाचांचा ओढ्याच्या वळणाने कललेला. पुढे सरकारी मोजणी आली तेव्हा आब्बांचे ६४ गुंठे भरले आणि चाचांचे साडेपंचावन्नाच्या आत.

चाचा मोजणीदाराला म्हणाले, "साहेब, दोर तोच होता, माणसं तीच होती. मग माझे साडेआठ गुंठे गेले कुठं?"

तो तरुण मुलगा होता. म्हणाला, "चाचा, कुणी नेले नाहीत. दोर बाजू मोजतो, कोन मोजत नाही. तुमचा कोपरा साठ अंशांचा आहे."

चाचांना अंश कळले नाहीत. आब्बांनी बाजेकडे बोट दाखवले आणि हाताने ती कलती करून दाखवली. मग कळले. बांध हलवायचा तर मधली दोन आंब्याची झाडे जात होती. म्हणून दोघा भावांनी बांध तसाच ठेवला आणि सामाईक विहिरीच्या पाण्याची एक पाळी चाचांना कायमची वाढवून दिली. कागदावर ती पाळी कुठेच नाही, पण दोघांच्या हयातीत ती एकदाही चुकली नाही. सगळ्या घरांत असे होत नाही. साडेआठ गुंठ्यांसाठी तीन पिढ्या बोलणे बंद असलेली घरे प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या काही भांडणांत तरी कुणी चोर नसतो, बांध कोणी कोरलेला नसतो. फक्त एक कोन मोजायचा राहिलेला असतो.

आता साखळी आणि शंकू मागे पडले. उपग्रहाशी बोलणारे रोव्हर यंत्र कोपऱ्यावर धरले की त्या बिंदूची जागा नोंदली जाते. चारही कोपऱ्यांच्या जागा कळल्या म्हणजे बाजूही कळल्या, कोनही कळले. तरीही खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. सात-बारावर क्षेत्र असते, कोन नसतो. तो दिसतो मोजणीच्या नकाशावर. सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या शिवारातून गेला, तेव्हा रस्त्याने कित्येक शेते तिरकी कापली. सरळ चौकोनी रानांचे रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्रिकोण आणि समलंब चौकोन झाले. नांगर फिरवायला ते तुकडे अडचणीचे आहेत आणि पुढच्या वाटणीत तिथेच घोळ होणार आहे. म्हणून घेण्याआधी, देण्याआधी, वाटण्याआधी नकाशाची प्रत काढून कोपरे बघावेत. मुलांना चौकोनाचे प्रकरण शिकवताना त्यांना एकदा शेतावर न्यावे.

आणि भाऊ वेगळे होत असतील, यंत्र आणि मोजणीदार हाताशी नसेल, तर दोर जरूर धरावा. फक्त चार बाजू झाल्या की तो गुंडाळून ठेवू नये. एकदा या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणावा. शेताचे दोन त्रिकोण होतील, आणि त्रिकोण कलत नाही. पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी मागितले होते ते एवढेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)